कायदा ‘का’ विचारत नाही

फेब्रुवारी २०१३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं एक दावा निकाली काढला. सरकारी पाळतीला ‘ॲम्नेस्टी इंटरनॅशनल’सह काही वकील आणि पत्रकारांनी आव्हान दिलं होतं. तुमच्यावर पाळत आहे हे तुम्ही दाखवू शकत नाही, म्हणून दावा टिकत नाही, असं न्यायालय म्हणालं. पाळतच गुप्त, तर पुरावा आणायचा कुठून?

तो पुरावा जूनमध्ये एडवर्ड स्नोडेननं पुरवला. एनएसए या गुप्तचर संस्थेसाठी कंत्राटी कंपनीतून काम करणाऱ्या या तरुणानं हाँगकाँगमध्ये पत्रकारांना गोपनीय कागद दिले. कुणी कुणाला, केव्हा, किती वेळ फोन केला याचा तपशील ‘व्हेरिझॉन’ कंपनीनं रोज सरकारला द्यावा, असा गुप्त आदेश ‘गार्डियन’नं छापला. त्याच आधारे खटला उभा राहिला आणि मे २०१५ मध्ये अपील न्यायालयानं निकाल दिला: अशा सरसकट संकलनाला कायद्याचा आधार नाही. जूनमध्ये अमेरिकी संसदेनं कायदाही बदलला.

मग स्नोडेन जागल्या (व्हिसलब्लोअर) ठरतो का? सरकारच्या लेखी नाही. त्याच्यावर चोरीचा एक आणि १९१७ च्या हेरगिरी कायद्याखाली दोन आरोप आहेत. तक्रार होती तर आत करायची, त्यासाठी १९९८ चा कायदा आहे, असं सरकार म्हणतं. पण एनएसएमधलेच अधिकारी थॉमस ड्रेक यांनी आधी आतलेच दरवाजे ठोठावले होते. पुढे ते एका पत्रकाराशी बोलले. २०१० मध्ये त्यांच्यावर दहा आरोप ठेवले गेले. पुढच्या वर्षी ते सगळे बारगळले आणि एका किरकोळ गुन्ह्याच्या कबुलीवर प्रकरण मिटलं. नोकरी मात्र गेलीच.

तरीही स्नोडेनचे सगळेच कागद एका मापानं मोजता येणार नाहीत. एनएसए चीनमधल्या संगणकांत शिरते, हेही त्यानं उघड केलं. परदेशांवर नजर ठेवणं हे तर त्या संस्थेचं नेमून दिलेलं काम. त्यातून स्वदेशातल्या नागरिकांवरचा कोणता अन्याय समोर आला, याचं उत्तर त्याच्या समर्थकांनाही द्यावं लागेल.

म्हणून निवाडा माणसाचा एकगठ्ठा न करता कागदागणिक व्हायला हवा. यातून बेकायदा कृत्य उघड झालं का? आत दाद मिळण्याची खरी शक्यता होती का? गरजेपेक्षा जास्त फोडलं का? या कसोटीवर फोनच्या नोंदींचा आदेश उघड करणं ही जागल्याचीच कामगिरी ठरते. चीनविषयीचा तपशील ठरत नाही.

अडचण अशी, की हेरगिरी कायद्यात लोकहिताचा बचावच नाही. गुपित का फोडलं, हे ज्यूरीपुढे मांडून सुटकेची आशा धरता येत नाही. स्नोडेन २०१३ पासून रशियात आहे आणि २०२२ मध्ये तिथला नागरिकही झाला. त्याला परत येऊन खटल्याला सामोरं जा, असं सांगणाऱ्यांनी आधी कायद्यात ‘का’ या प्रश्नाला जागा करून द्यावी.