पत्ता नसलेला रुग्ण

२०११ च्या जनगणनेत २८ फेब्रुवारीच्या रात्री पदपथ, उड्डाणपुलांखालची जागा, रेल्वेफलाट, देवळांचे ओटे अशा ठिकाणी झोपणाऱ्यांची गणती झाली, तेव्हा देशात सुमारे १७ लाख ७० हजार माणसे बेघर आढळली आणि त्यांपैकी दोन लाखांहून अधिक महाराष्ट्रात होती. क्षयरोग, मधुमेह, खरूज, पायाच्या चिघळलेल्या जखमा हे त्यांचे आजार जगावेगळे नाहीत; उपचार मात्र अर्ध्यावर सुटतात, कारण रुग्णाला घर आहे असे गृहीत धरूनच आरोग्यव्यवस्थेची घडी बसवलेली आहे.

क्षयरोगाचेच पाहावे. त्याची औषधे सरकारी केंद्रात मोफत मिळतात, साध्या क्षयरोगात ती किमान सहा महिने घ्यावी लागतात आणि मध्येच सोडल्यास जंतू त्या औषधांना दाद देईनासे होण्याचा, म्हणजे औषधरोधक क्षयरोगाचा, धोका वाढतो. परंतु पदपथ मोकळा करणाऱ्या गाडीत पथारी गेली की तिच्यातल्या गोळ्या आणि केसपेपरही जातात, आणि नवा केसपेपर काढण्याची रांग नेमकी त्याच सकाळच्या वेळी असते जेव्हा मजूर नाक्यावर उभा राहिला नाही तर त्याचा दिवसाचा रोज बुडतो. निक्षय पोषण योजनेत क्षयरुग्णाला आहारासाठी २०१८ पासून दरमहा ५०० आणि नोव्हेंबर २०२४ पासून १००० रुपये देण्याची सोय आहे, पण ही रक्कम बँक खात्यात जमा होते, खात्याला कागदपत्रे लागतात आणि कागदपत्रांना पुन्हा पत्ता लागतो.

कायद्याची बाजू तुलनेने भक्कम आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१० मधील आदेशांनंतर मोठ्या शहरांत दर एक लाख लोकसंख्येमागे एक बारमाही निवारा हा दंडक ठरला. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने बेघर मनोरुग्णाला सरकारी रुग्णालयात मोफत उपचारांचा हक्क दिला आणि स्वतःची काळजी घेऊ न शकणाऱ्या भटक्या मनोरुग्णाला संरक्षण देण्याची जबाबदारी पोलिसांवर टाकली. अशा रुग्णांना रस्त्यावरून नेऊन, बरे करून, त्यांच्या कुटुंबांपर्यंत पोहोचवण्याच्या कामासाठी डॉ. भरत वाटवानी यांना २०१८ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. कर्जतच्या श्रद्धा पुनर्वसन केंद्रातील हे काम मोलाचे असले, तरी कायद्याने सरकारवर सोपवलेला भार एखाद्या संस्थेने किती वाहावा, हा प्रश्न उरतोच.

सर्वांत मोठी उणीव डिस्चार्जनंतरची आहे. शस्त्रक्रिया झालेल्या माणसाला ‘जखम कोरडी ठेवा, आराम करा’ असे सांगून पावसाळ्यात पदपथावर परत पाठवणे म्हणजे खाटेवर केलेला सारा खर्च पाण्यात घालणे होय. अमेरिकेत बॉस्टन शहरात १९८५ पासून चाललेल्या बेघरांच्या आरोग्यसेवेत डॉक्टर आणि परिचारिका रस्त्यावर जाऊन तपासतात, शिवाय रुग्णालयात ठेवण्याइतका आजारी नसलेल्या पण रस्त्यावर राहण्याइतका बराही नसलेल्या रुग्णासाठी वेगळ्या खाटा ठेवतात. निवाऱ्यांत अशा थोड्या खाटा, रोज मलमपट्टी करणारी परिचारिका, औषधे आणि केसपेपर ठेवायला कुलपाचा कप्पा, संध्याकाळचा बाह्यरुग्ण विभाग आणि पत्त्याच्या जागी निवाऱ्याचे नाव चालेल असा आदेश, एवढे महापालिकांनी आधी करावे. नवी इमारत आणि नवी योजना नंतर आली तरी चालेल.