गल्ल्यावर आलेली खोटी नोट : ओळख आणि कर्तव्य

म्हापशाचा शुक्रवारचा बाजार असो की एखाद्या गावची जत्रा, दिवेलागणीच्या सुमारास विक्रेत्याभोवती गिऱ्हाइकांची दाटी होते. अशा वेळी कोणी वीस रुपयांची मिरची घेतो आणि घडी घातलेली पाचशे रुपयांची नोट पुढे करतो. विक्रेती घाईघाईने ४८० रुपये परत देते. रात्री हिशेब करताना ती नोट खोटी असल्याचे ध्यानात येते, परंतु तोपर्यंत गिऱ्हाईक दिसेनासे झालेले असते. मिरची तर गेलीच, शिवाय ४८० रुपयेही गेले. खोटी नोट खपविणाऱ्यास माल नको असतो. त्यास हवी असते ती खऱ्या पैशांची मोड. म्हणूनच त्याची नजर मोठ्या पेढीपेक्षा लहान दुकानाकडे, भाजीवालीकडे आणि तिकीट फाडणाऱ्या माणसाकडे अधिक जाते.

ही हानी टाळण्याची जागा बँक नव्हे, तर गल्ला ही होय. नोट गल्ल्यात पडण्यापूर्वी ती ओळखता आली, तर नुकसान होत नाही. एकदा ती आत पडली की नुकसान अटळ असते आणि मग प्रश्न उरतो तो केवळ कर्तव्याचा.

लबाडीची रीत

खोट्या नोटा खपविणारे काही ठराविक युक्त्या योजतात. खरेदी लहान व नोट मोठी असते. वेळ गर्दीची किंवा अपुऱ्या उजेडाची निवडली जाते. नोट घडी घालून, चुरगाळून किंवा खऱ्या नोटांच्या मध्ये दडवून दिली जाते. नोट हाती देताच गिऱ्हाईक बोलण्यात गुंतवते, घाई करते किंवा मध्येच खरेदीची वस्तू बदलते. यांतील एखादी गोष्ट आढळली म्हणून समोरचा माणूस लबाड ठरत नाही. परंतु अशा वेळी नोट उलगडून पाहण्याचे भान रोखपालाने अवश्य राखावे.

काही वेळा तर नीट नकल केलेली नोटही लागत नाही. २०१७ साली दिल्लीतील एका एटीएम यंत्रातून खेळण्यातील नोटांसारख्या, ‘चिल्ड्रन बँक’ असे छापलेल्या दोन हजारांच्या नोटा बाहेर पडल्या होत्या. नोटेवरील अक्षरे वाचण्याची सवय आपल्याकडे किती थोड्यांना आहे, हे अशा प्रसंगांवरून दिसते.

स्पर्श, प्रकाश आणि कल

सध्याची पाचशे रुपयांची नोट १० नोव्हेंबर २०१६ पासून चलनात आली. तिचा रंग दगडी करडा असून मागील बाजूस लाल किल्ल्याचे चित्र आहे. लांबी १५० मिलिमीटर व रुंदी ६६ मिलिमीटर आहे. तिची परीक्षा तीन पायऱ्यांनी करावी.

पहिली पायरी स्पर्शाची. नोटेचा कागद कापसाच्या तंतूंपासून बनविलेला असतो. म्हणून तो साध्या कागदापेक्षा चिवट असतो व कोरी नोट हाताळताना कुरकुरीत वाजते. महात्मा गांधींची प्रतिमा, अशोकस्तंभ, उजवीकडील वर्तुळाकार खूण आणि दोन्ही कडांवरील पाच पाच तिरप्या रेषा उठावदार छापलेल्या असतात. अंगठा फिरविला असता त्या जाणवतात. याच खुणांवरून दृष्टिहीन व्यक्तींनाही नोटेचे मूल्य समजते. दोनशे व शंभर रुपयांच्या नव्या नोटांवर अशा चार चार रेषा आहेत.

दुसरी पायरी प्रकाशाची. नोट उजेडासमोर धरली असता कोऱ्या दिसणाऱ्या भागात गांधीजींची प्रतिमा व ५०० हा आकडा जलचिन्हाच्या रूपाने उमटतो. खरे जलचिन्ह कागदाच्या जाडीतच घडविलेले असल्याने त्याची छाया सौम्य, हळूहळू गडद होत जाणारी असते. खोट्या नोटेत ते बहुधा वरून छापलेले असते आणि उजेडाशिवायही दिसते. समोरून तुकड्यातुकड्यांनी दिसणारा सुरक्षा धागा उजेडात सलग रेघ होऊन दिसतो. नोटेच्या पुढील व मागील बाजूंस अर्धा अर्धा छापलेला ५०० हा आकडाही उजेडातच जुळून पूर्ण होतो.

तिसरी पायरी कलविण्याची. नोट किंचित तिरपी केली असता सुरक्षा धाग्याचा हिरवा रंग निळा होतो. त्या धाग्यावर ‘भारत’ व ‘आरबीआय’ ही अक्षरे असतात. उजवीकडे खाली छापलेल्या ₹५०० या आकड्याचा रंगही तसाच हिरव्याचा निळा होतो. झेरॉक्स यंत्राला वा साध्या छपाईला हा बदल साधत नाही. म्हणून गर्दीच्या वेळी एकच गोष्ट पाहणे शक्य असेल, तर रोखपालाने ही पाहावी. त्यास दोन क्षणही पुरतात. शंभर रुपयांच्या नव्या नोटेत धाग्याचा रंग बदलतो, आकड्याचा मात्र बदलत नाही, हे ध्यानात ठेवावे.

याखेरीज क्रमांकातील अंक डावीकडून उजवीकडे लहानाचे मोठे होत जातात. मागील बाजूच्या भाषापट्टीत पंधरा भाषांत नोटेचे मूल्य लिहिलेले असून त्यांत मराठी व कोकणी या दोन्ही भाषा आहेत. ती ओळ वाचून पाहिल्यास अस्पष्ट किंवा अशुद्ध छपाई सहज लक्षात येते.

कोणत्याही एकाच खुणेवर निर्णय देऊ नये. जुन्या नोटेचा उठाव झिजून जातो. जंबुपार किरणांच्या दिव्याखाली खरा कागद मंद दिसतो, साधा कागद निळसर चमकतो. पण सदऱ्याच्या खिशात राहून साबणाच्या पाण्यात धुतली गेलेली खरी नोटही चमकू शकते. शंका आल्यास त्याच मूल्याची दुसरी खरी नोट शेजारी ठेवून दोन्ही ताडून पाहाव्यात.

निष्कारण संशय

खोटी नोट घेण्याने जसे नुकसान होते, तसेच खरी नोट नाकारल्याने गोरगरिबांची अडवणूक होते. क्रमांकात तारा छापलेल्या नोटा खोट्या असल्याची अफवा २०२३ साली पसरली होती. वास्तविक, छपाईत खराब झालेल्या नोटेच्या जागी जी नोट घातली जाते, तिच्यावर तारा असतो, आणि ती इतर नोटांइतकीच वैध असल्याचे रिझर्व्ह बँकेने त्याच वर्षी स्पष्ट केले. हिरवा धागा गांधीजींच्या प्रतिमेजवळ असला तर नोट खोटी, ही समजूतही निराधार आहे. नोटेवर कोणी शाईने काही लिहिले म्हणून ती खोटी होत नाही. मात्र नोटांवर लिहू नये, हे खरे.

गिऱ्हाइकासमोर कसे वागावे

नोट देणाराही बहुधा फसलेलाच असतो. त्यास ती आठवड्याच्या मजुरीत मिळालेली असेल. म्हणून चारचौघांत आरडाओरडा करणे किंवा चोर म्हणणे सर्वथा अयोग्य होय. ‘ही नोट जरा शंकास्पद वाटते, कृपया दुसरी द्या आणि ही बँकेत दाखवा,’ एवढे शांतपणे सांगणे पुरे. मोड व माल मात्र दुसरी नोट हाती येईपर्यंत देऊ नये. एकाच व्यक्तीकडे अशा अनेक नोटा दिसल्या, किंवा तीच व्यक्ती दुकानोदुकानी मोठ्या नोटा मोडून घेताना आढळली, तर तिच्याशी झटापट न करता पोलिसांना ११२ या क्रमांकावर कळवावे.

नोट गल्ल्यात आल्यावर

हिशेबाच्या वेळी खोटी नोट आढळली, तर ती फाडू वा जाळू नये. पाकिटात वेगळी ठेवून ती कधी व कोणाकडून आली असावी, याची टिपण करावी आणि बँकेत न्यावी. बँक वा कोषागार अशा नोटेवर बनावट असल्याचा शिक्का मारून ती जप्त करते, स्वतंत्र नोंदवहीत नोंदते आणि आणणाऱ्यास पोचपावती देते. ही पोचपावती मागून घेणे अगत्याचे आहे. नोट परत मिळत नाही व तिची भरपाईही मिळत नाही.

एका व्यवहारात चारपर्यंत बनावट नोटा आढळल्यास बँक महिन्याच्या एकत्रित अहवालातून पोलिसांना कळविते. पाच किंवा अधिक आढळल्यास मात्र त्या ताबडतोब पोलिसांकडे पाठवून प्रथम माहिती अहवाल नोंदविला जातो. यास्तव आठवड्याची रोकड एकदम भरण्यापेक्षा रोजच्या रोज तपासणे हिताचे ठरते.

कायदा काय म्हणतो

भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून अमलात आली. तिच्या १७८ व्या कलमानुसार बनावट नोटा तयार करणे हा गुन्हा आहे. कलम १७९ अन्वये नोट बनावट आहे हे ठाऊक असताना, किंवा तसे मानण्यास कारण असताना, ती खरी म्हणून देणाऱ्यासही तितकीच कठोर शिक्षा आहे. ही शिक्षा जन्मठेपेची, किंवा दहा वर्षांपर्यंत कारावासाची व दंडाची असू शकते. खोटी नोट खरी म्हणून खपविण्याच्या हेतूने जवळ बाळगल्यास कलम १८० अन्वये सात वर्षांपर्यंत कारावास, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. मात्र ती वैध मार्गाने हाती आली, असे सिद्ध केल्यास त्या कलमाखाली गुन्हा होत नाही, असे स्पष्टीकरणही कायद्यातच आहे. तात्पर्य, अजाणता नोट घेणारा गुन्हेगार नव्हे. जाणून ती पुढे ढकलणारा गुन्हेगार होय.

मालक आणि नोकर

येथेच खरी अडचण उभी राहते. अनेक दुकानांत खोटी नोट आली की तिची रक्कम गल्ल्यावरील मुलाच्या पगारातून कापली जाते. परिणामी तो मुलगा नोट लपवितो आणि संध्याकाळच्या गर्दीत एखाद्या म्हाताऱ्या गिऱ्हाइकाच्या मोडीत सरकवून देतो. पाचशे रुपये वाचविण्यासाठी तो स्वतःस कायद्याच्या कचाट्यात घालतो, आणि हानी मात्र जो ती सर्वांत कमी सोसू शकतो, त्याच्या माथी बसते. मालकाने नोकरास नोट ओळखण्याचे शिक्षण द्यावे, गल्ल्याजवळ चांगला दिवा ठेवावा, मोठ्या नोटा वेगळ्या कप्प्यात ठेवण्याची शिस्त लावावी आणि प्रामाणिकपणे सांगितलेली चूक दुकानाच्या खर्चात धरावी. भीती कमी झाली की लपवाछपवीही कमी होते.

या कामी शाळा व ग्रामपंचायती पुष्कळ साहाय्य करू शकतात. शिक्षकांनी वर्गात एक खरी नोट घेऊन धागा, जलचिन्ह व उठाव मुलांना दाखविल्यास तीच मुले घरी जाऊन आईला व आजीला शिकवतील. ग्रामसभेत बँकेच्या अधिकाऱ्यास बोलावून हेच प्रात्यक्षिक करता येईल.

खोटी नोट एका हातातून दुसऱ्या हातात जाते तोवरच तिला किंमत असते. जो माणूस तोटा सोसून ती बँकेत नेऊन देतो, त्याच्यापाशी तिचा प्रवास संपतो. आणि त्याच्यानंतर फसणार असलेली बाजारातील विक्रेती त्याला न ओळखताही वाचते.