डब्यातल्या जोडगोळ्या

मस्कतला येणाऱ्या मराठी बॅगेत भाजणीच्या पिशवीशेजारी औषधांचा डबा असतोच. त्यातली जुलाबाची पट्टी काढा आणि मागची बारीक अक्षरे वाचा. बऱ्याचदा तिथे दोन नावे दिसतील: एक जिवाणूंवरचे, दुसरे अमीबावरचे. जुलाब कशाने झाले हे ठाऊक नाही, तेव्हा दोन्हीकडे नेम धरायचा, असा हा हिशेब. ज्यांचे पोट वर्षानुवर्षे बिघडलेले आहे, त्यांच्या आजाराचे मूळ बहुधा जंतूंत नसतेच. त्यांना ही जोडगोळी काय कामाची?

बेळगावच्या केएलई विद्यापीठाचे तेव्हाचे कुलगुरू प्रा. चंद्रकांत कोकाटे यांच्या समितीने अशी हजारो जोडऔषधे तपासली. मार्च 2016 मध्ये त्यांतल्या 344 औषधांवर भारतात बंदी आली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि 2018 मध्ये नव्याने 328 औषधे बंद झाली. (फार्मसी शिकलेल्यांना कोकाटे हे नाव पाठ्यपुस्तकावरून ओळखीचे असेल.)

औषधे एकत्र घेऊच नयेत, असे मात्र नाही. लोपेरामाइड आतड्याची चाल मंद करते, इसबगोल पाणी धरून ठेवतो. डॉक्टर दोन्ही मिळून देतात. पित्ताशय काढल्यावर काहींना पित्तक्षारांमुळे पातळ शौचास होते. त्यावरचे कोलेस्टिरामिन ते क्षार बांधून ठेवते, पण थायरॉइडची गोळीही बांधून ठेवते! म्हणून इतर औषधे त्याच्या तासभर आधी, नाहीतर चार ते सहा तासांनंतर घ्यायची. लोपेरामाइड मनाने वाढवू नका. अतिमात्रेने हृदयाची लय बिघडते.

मधुमेह असेल तर आधी मेटफॉर्मिनकडे पाहा. अनेकांचे जुलाब त्यानेच होतात आणि सावकाश विरघळणारी गोळी दिली की कमी होतात. ती डॉक्टरांकडून बदलून घ्या, स्वतः बंद करू नका. लघवी वाढवणारी रक्तदाबाची गोळी चालू असेल, तर इथल्या उन्हाळ्यात जुलाबाच्या पहिल्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. शौचात रक्त, ताप, घटते वजन, झोपेतून उठवणारे जुलाब यांना गोळी नको, तपासणी हवी.

डायफिनॉक्सिलेट आणि अ‍ॅट्रोपिन ही जोडी वेगळीच. पहिले अफूच्या कुळातले. कोणी नशेसाठी मूठभर खाऊ नये म्हणून दुसरे मुद्दाम थोडेसे घातलेले. प्रोस्टेट वाढलेल्या आजोबांची लघवी त्याने अडू शकते. ही पट्टी ओमानला आणायचीच असेल, तर आधी इथले नियम पाहा आणि डॉक्टरांची चिठ्ठी व मूळ वेष्टण बरोबर ठेवा.