बाळ सुखरूप, बाळंतीण?

दर वर्षी येतो जागतिक मातृ मानसिक आरोग्य दिन. मे महिन्याचा पहिला बुधवार हा त्याचा ठरलेला मुहूर्त. गुलाबी फलक लागतात, एखाद्या सभागृहात दीपप्रज्वलन होतं आणि अमेरिकेतल्या एका औषधाचा विषय पुन्हा निघतो. झुरानोलोन. बाळंतपणानंतरच्या नैराश्यावरचं तोंडाने घ्यायचं हे पहिलं औषध. तिथल्या औषध प्रशासनाने ऑगस्ट २०२३मध्ये त्याला मान्यता दिली. चौदा दिवसांचा कोर्स, आणि कंपनीने सांगितलेली किंमत १५,९०० डॉलर. म्हणजे तेरा लाख रुपयांच्या वर. तेवढ्यात पुण्याजवळच्या चऱ्होलीत वनबीएचकेचं डाऊन पेमेंट होतं.

औषधाशी माझं भांडण नाही. काही जणींचा जीव ते वाचवेल. भांडण आहे ते त्यासोबत घरोघरी पोचलेल्या एका वाक्याशी: ‘हार्मोनचा खेळ आहे, होईल कमी.’ हे वाक्य नवऱ्यांना आवडतं, सासवांना आवडतं आणि घाईत असलेल्या डॉक्टरांनाही आवडतं. हार्मोनला आडनाव नसतं. त्याला दोष दिला की घरात कुणालाच काही बदलावं लागत नाही.

हे घर कसं असतं, ते चऱ्होलीतच पाहा. चऱ्होली बुद्रुक १९९७मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेत आलं. इंद्रायणीकाठचं, वाघेश्वराच्या देवळाचं, आळंदीच्या शेजारचं हे गाव. आता तिथे टॉवर उभे आहेत आणि त्यांत राहणारी अनेक जोडपी लातूर, बीड, जळगाव, वाशीमकडची आहेत. नवरा चाकणला किंवा भोसरीला कारखान्यात, बऱ्याचदा ठेकेदाराकडे. आठवड्याला शिफ्ट बदलते. पहिलं बाळंतपण माहेरी होतं. डिंकाचे लाडू, शेकशेगडी, अळिवाची खीर, सगळं यथासांग. मग बारसं उरकून, तीन-चार महिन्यांचं बाळ घेऊन ती सातव्या मजल्यावर परत येते. नवऱ्याची नाईट असेल तर तो दिवसभर झोपलेला, आणि बाळ रडू नये याची जबाबदारी तिची. शेजारच्या फ्लॅटचं दार बंद. अशा बाईला पुढे दवाखान्यात नेलं तर ती काय सांगते? ‘मला उदास वाटतं’ असं क्वचितच. ती म्हणते, अशक्तपणा आहे. कंबर धरते. अंगावरून पांढरं जातं. डॉक्टर लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या लिहून देतात.

या तक्रारींच्या मुळाशी जाणारं काम आपल्या शेजारीच झालं आहे, गोव्यात. मुंबईत वाढलेले मानसोपचारतज्ज्ञ विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६मध्ये तिथे ‘संगात’ ही संस्था सुरू केली. आज पटेल हार्वर्डमध्ये प्राध्यापक आहेत आणि जगभर त्यांचं नाव घेतलं जातं. मला मात्र त्यांचं सुरुवातीचं, काहीसं मागे पडलेलं काम जास्त मोलाचं वाटतं. उत्तर गोव्यात १८ ते ५० वयाच्या जवळपास अडीच हजार बायकांशी बोलून, त्यांचं रक्त तपासून झालेली ती पाहणी. त्यातला थकव्यावरचा भाग २००५मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये छापून आला. सहा महिन्यांहून जास्त काळ थकवा असल्याचं सुमारे १२ टक्के बायकांनी सांगितलं. गंमत पुढे आहे. त्या थकव्याचा हिमोग्लोबिनशी संबंध सापडला नाही. सापडला तो गरिबीशी, मनाच्या त्रासाशी आणि नवऱ्याच्या लैंगिक बळजबरीशी. पांढरं जाण्याच्या तक्रारीचंही तसंच: जंतुसंसर्गापेक्षा मानसिक त्रासाचा धागा अधिक पक्का निघाला.

यावरून कुणी लोहाच्या गोळ्या बंद करू नयेत. रक्तक्षय आपल्याकडे आहेच आणि भरपूर आहे. पण रक्त ठीक असूनही बाई वर्षभर ‘अशक्त’ राहत असेल, तर तिच्या घराबद्दल विचारणं हाही तपासणीचाच भाग ठरतो. आपल्याकडच्या किती दवाखान्यांत ते विचारलं जातं? विचारलं तरी सासू शेजारच्या खुर्चीत बसलेली असते.

बाळंतपणाबद्दलचा गोव्याचा अभ्यास त्याआधीचा, २००२चा. पटेल, मर्लिन रॉड्रिग्ज आणि नंदिता डिसोझा यांचा. जिल्हा रुग्णालयात येणाऱ्या २७० गर्भवती त्यांनी शेवटच्या तिमाहीत निवडल्या आणि बाळंतपणानंतर पुन्हा गाठल्या. सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के आयांमध्ये नैराश्य आढळलं. त्यांतल्या ७८ टक्के जणींना गरोदरपणातच बराच मानसिक त्रास होता. हा आकडा मी कितीतरी वेळा वाचला आहे, तरी दर वेळी थांबतो. बाळंतपणात अचानक काही बिघडतं, ही आपली समजूत त्यापुढे टिकत नाही. त्रास डोहाळजेवणाच्या हिरव्या साडीतही होता, फक्त कुणी पाहिला नव्हता. नैराश्य आढळलेल्यांतल्या निम्म्याहून अधिक जणी सहा महिन्यांनी अजून आजारीच होत्या. कारणांत आर्थिक ओढाताण आणि नवऱ्याशी बिघडलेलं नातं ठळक होतं. शिवाय बाळ मुलगा की मुलगी यानेही फरक पडत होता. मारहाणीचा आणि उपासमारीचा परिणाम त्याप्रमाणे कमी-जास्त होत होता. हे कुठल्या मागास मुलखात नव्हे, शिकलेल्या गोव्यात.

त्याच वर्षी तमिळनाडूच्या ग्रामीण भागातल्या अभ्यासानेही हेच सांगितलं: कमी उत्पन्न, मुलगा हवा असताना झालेली मुलगी, सासूशी आणि आईवडिलांशीही न पटणं, हाताशी मदत नसणं. ‘आईवडिलांशीही’ हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. माहेर म्हणजे विसावा असं आपण धरून चालतो, प्रत्येकीच्या बाबतीत ते खरं नसतं. पुढे २०१७मध्ये देशभरातले ३८ अभ्यास आणि वीस हजारांहून अधिक आया एकत्र धरून सरासरी काढली गेली. ती आली २२ टक्के. साधारण पाचातली एक. पहिल्या दोन आठवड्यांत डोळे भरून येणं, चिडचिड होणं हे यात धरलेलं नाही. ते बहुतेकींना होतं आणि आपोआप ओसरतं.

आता मला ज्यासाठी हा लेख लिहावासा वाटला, ते. २०१७मध्येच संगातचा एक प्रयोग ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. तो बाळंतिणींपुरता नव्हता. प्राथमिक आरोग्य केंद्रात येणाऱ्या, तीव्र नैराश्य असलेल्या स्त्री-पुरुषांसाठी होता. मानसोपचाराची पदवी नसलेल्या, पण प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक समुपदेशकांनी सहा ते आठ बैठका घ्यायच्या. उपचार साधा: सुटून गेलेली कामं, माणसं, आवडी थोड्या थोड्या परत धरायच्या आणि अडचणी एकेक करून सोडवायच्या. तीन महिन्यांनी या गटातले ६४ टक्के लोक नैराश्यातून बाहेर आले होते. नेहमीचे उपचार मिळालेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होतं. पण निकालाच्या तक्त्यात खाली आणखी एक ओळ आहे. उपचार मिळालेल्या बायकांनी सांगितलेली नवऱ्याची मारहाण दुसऱ्या गटाच्या मानाने जवळपास निम्मी होती.

या ओळीचा अर्थ कसा लावायचा? एक वाचन सरळ आहे: बाईचं मन सावरलं की ती वाद टाळू शकते, मदत मागू शकते, ‘बास’ म्हणू शकते. दुसरं वाचन मला छळतं. मारणारा तो आणि बैठकीला बसणारी ती? बरी झाली ती, म्हणून थांबला तो? मारहाण हा तिच्या आजाराचा दुष्परिणाम आहे असं कुणी यातून काढलं, तर तो शुद्ध अन्याय होईल. शिवाय हे बायकांनी स्वतः सांगितलेलं आहे, तीन महिन्यांचंच आहे आणि प्रयोगाचा मुख्य प्रश्न हा नव्हताच. तरीही ‘आजार की छळ’ असे दोन वेगळे कप्पे करणाऱ्यांना ही ओळ उत्तर देते. डॉक्टर म्हणतात छळ आमच्याकडे नको, पोलीस म्हणतात रडणं आमच्याकडे नको, आणि बाई दोन्ही दारांच्या मधे उभी राहते.

पुण्यात हा वाद सर्वांत धारदारपणे मांडला तो भार्गवी दावर यांनी. २०२४मध्ये त्या गेल्या. १९९९मध्ये त्यांनी पुण्यात बापू ट्रस्ट उभा केला आणि त्याच वर्षी भारतीय स्त्रियांच्या मानसिक आरोग्यावर इंग्रजीत पुस्तक लिहिलं. बाईच्या दुःखावर आजाराचं लेबल लावून तिला कोंडणाऱ्या व्यवस्थेशी त्या आयुष्यभर भांडल्या. त्यांचं सगळं मला पटत नाही. बाळंतपणानंतर हजारातल्या एक-दोन जणींना भ्रम होतात, त्यांना तातडीने औषधं आणि रुग्णालय लागतं, तिथे चर्चा करत बसायला वेळ नसतो. पण तिथेही आई आणि बाळ तोडायचं कशाला? बंगळुरूच्या निम्हान्समध्ये २००९पासून आई-बाळ एकत्र राहतील असा कक्ष आहे, डॉ. प्रभा चंद्रा यांच्या पुढाकाराने झालेला. २०१७चा मानसिक आरोग्यसेवा कायदाही सांगतो की तीन वर्षांखालचं मूल उपचारादरम्यान आईपासून सहसा वेगळं करू नये. चऱ्होलीहून आळंदी रस्त्याने विश्रांतवाडी ओलांडली की येरवड्याचं मनोरुग्णालय आहे. आई-बाळ कक्षाची मागणी पुणेकरांनी तिथे का लावून धरू नये?

नवऱ्यांबद्दल एवढंच. त्यांच्यातही बायकोच्या गरोदरपणात आणि बाळ झाल्यानंतर साधारण १० टक्के नैराश्यात जातात, असं २०१०मध्ये ४३ अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात दिसलं. कायदा नोकरदार आईला २६ आठवड्यांची पगारी रजा देतो, खासगी कारखान्यातल्या बापाला एक दिवसही नाही. ज्याची रोजी ठेकेदाराच्या हातात आहे, त्याला ‘बायकोला वेळ द्या’ असा सल्ला देणारे समुपदेशक मला जरा विनोदी वाटतात.

मग करायचं काय? गोव्यात ‘सखी’ नावाने गावातल्याच आयांना तयार करून नैराश्य असलेल्या गर्भवतींकडे पाठवण्याचाही प्रयोग झाला. २०१९चा निकाल संमिश्र होता. सहा महिन्यांनी बऱ्या झालेल्यांचं प्रमाण सखीगटात जास्त होतं, पण लक्षणांच्या तीव्रतेत फरक दिसला नाही. रावळपिंडीतल्या जुळ्या प्रयोगात सहा महिन्यांनी ठोस फायदा आढळला नाही. चमत्काराची अपेक्षा नकोच. खर्च मात्र तेरा लाखांचा नाही.

आणि सुरुवात करायला नवं काही बांधावंही लागत नाही. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या लसीला जवळजवळ प्रत्येक आई, माहेरी असो की सासरी, बाळ घेऊन येते. गोव्याच्या अभ्यासात नैराश्य मोजलं गेलं तेही दीड ते दोन महिन्यांनीच. बाळंतपणानंतर ४२व्या दिवशी आशाताईंची घरभेटही ठरलेली असते. बाळाचं वजन होतं, कार्ड भरलं जातं. बाळंतपणानंतरचं नैराश्य ओळखणारी एडिंबराची दहा प्रश्नांची प्रश्नावली १९८७पासून उपलब्ध आहे, मागच्या सात दिवसांबद्दल विचारते आणि पाच-दहा मिनिटांत होते. शेवटचा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे, म्हणून सगळी प्रश्नावली आडोशाला विचारायची, सासूला बाळ घेऊन बाहेर बसवून. केरळने ‘अम्मा मनस्सु’ या नावाने सरकारी यंत्रणेतच अशी तपासणी आणली आहे. पिंपरी-चिंचवड महापालिकेने चऱ्होलीच्या लसीकरण सत्रापासून सुरुवात करावी. मात्र उत्तर ‘हो’ आलं तर पुढे बोलायला माणूस नेमल्याशिवाय प्रश्न विचारू नयेत.

ते होईपर्यंत दोन क्रमांक फ्रिजवर चिकटवून ठेवा. मनाच्या त्रासासाठी टेलिमानस हेल्पलाइन १४४१६, दिवसरात्र, मोफत, मराठीतही बोलतात. घरात मारहाण असेल तर महिला हेल्पलाइन १८१.