मौनाची जागा खंजिरीला

अमरावतीहून नागपूरकडे निघालं की महामार्गालगत गुरुकुंज मोझरी लागते. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी १९३५ साली इथे आश्रम उभारला आणि ११ ऑक्टोबर १९६८ रोजी इथेच देह ठेवला. दरवर्षीच्या पुण्यतिथी महोत्सवात ४ वाजून ५८ मिनिटांनी मौन श्रद्धांजली वाहिली जाते. गावोगावच्या पालख्या, भगव्या टोप्यांची दाटी, खंजिरीचा ठेका, हे सगळं त्या क्षणाला जागच्या जागी थांबतं.

ज्यांना आता मोझरीपर्यंतचा प्रवास झेपत नाही, अशा घरच्या म्हाताऱ्या माणसांसाठी असा सोहळा डिस्कवर उतरवायचा म्हटलं, की पेच सुरू होतो. मिनीडीव्ही कॅसेटवरचं चित्रीकरण संगणकात घेतलं तर तासाला सुमारे १३ जीबी जागा लागते. तीन तासांचे झाले ३९ जीबी. साध्या डीव्हीडीत मावतात ४.७ जीबी. म्हणजे आठातले सात हिस्से टाकून द्यायचे, आणि तरी बघणाऱ्याला काही हरवल्यासारखं वाटता कामा नये.

हे जमतं, कारण लागोपाठच्या चित्रांत नवं असं फार थोडं असतं. आपल्याकडच्या टीव्हीवर सेकंदाला २५ चित्रं सरकतात. डीव्हीडीची एमपेग-२ पद्धत साधारण अर्ध्या सेकंदाला एक चित्र पुरतं साठवते. मधल्या चित्रांसाठी ती एवढंच टिपून ठेवते, की कुठला चौकोन कुठे सरकला आणि काय बदललं. मंडपाचा खांब हलत नाही, त्यामुळे तो पुन्हा पुन्हा लिहावा लागत नाही. भजन म्हणणारा खंजिरी उंच नेतो, बोटं चामड्यावर फिरतात, चकत्या थरथरतात, तेव्हा मात्र जवळजवळ प्रत्येक चित्र नवं असतं. तिथे जागा अपुरी पडली की बोटं विरघळतात आणि त्यांच्या जागी चौकोन नाचायला लागतात. ‘सीडी फाटते’ अशी तक्रार गिऱ्हाईक करतं तेव्हा बरेचदा डिस्क खराब नसते. चित्राला जागाच मिळालेली नसते.

खेड्यापाड्यांत डिस्क आधी पोहोचली ती व्हीसीडी म्हणून. १९९३ साली ठरलेल्या या पद्धतीत चित्र ३५२ बाय २८८ ठिपक्यांचं. दर सेकंदाला चित्रासाठी ११५० किलोबिट, आवाजासाठी २२४. एका सीडीवर फार तर ८० मिनिटं मावायची, म्हणून तीन तासांच्या सिनेमाच्या पाकिटात दोन-तीन सीड्या निघत. २००७ च्या सुमारास मोझर बेअर कंपनीने सिनेमाची व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना बाजारात आणली, तेव्हा सिनेमाची डिस्क विकत घेणं अनेक घरांच्या आवाक्यात आलं. व्हीसीडीचा खरा तोटा तिच्या वाटपात होता. माणसं स्तब्ध उभी असोत की खंजिरी टिपेला पोहोचलेली असो, प्रत्येक सेकंदाला तेवढेच ११५० किलोबिट. मौनाच्या वेळी जागा वाया जायची आणि भजनाच्या वेळी कमी पडायची.

डीव्हीडीने हे वाटप मोकळं केलं. चित्र आणि आवाज मिळून सेकंदाला १०.०८ मेगाबिटची मर्यादा आहे. तिच्या आत कुठे किती खर्च करायचा, हे बनवणाऱ्याच्या हाती. म्हणूनच कन्व्हर्ट करताना दोन फेऱ्यांचा पर्याय निवडावा. पहिल्या फेरीत सॉफ्टवेअर सगळा सोहळा नुसता बघून घेतं आणि कुठे किती हालचाल आहे त्याची नोंद करतं. दुसऱ्या फेरीत त्या नोंदीप्रमाणे जागा वाटतं. कॅमेरा स्टँडवर असेल तर मौनाची मिनिटं अगदी थोडक्यात भागतात आणि तिथे वाचलेली जागा खंजिरीच्या वाट्याला जाते. वेळ दुप्पट लागतो, पण रात्री काम लावून झोपलं की सकाळी तयार मिळतं.

आता हिशेब. ४.७ जीबी म्हणजे ४७० कोटी बाइट. संगणक १०२४ च्या पटीत मोजतो, म्हणून पडद्यावर त्याचे ४.३७ जीबी दिसतात. डिस्क कमी भरली असं समजून दुकानदाराशी भांडायला जाऊ नये. आठाने गुणलं की ३७६० कोटी बिट. सोहळा दोन तासांचा असेल तर सेकंदाला ५.२ मेगाबिट येतात. गर्दीचं चित्रही त्यात नीट दिसतं. तीन तासांना ३.५ मेगाबिट, त्यातून आवाज आणि मेन्यू वजा जाता चित्राला जेमतेम ३.१ उरतात. सहा तास कोंबले तर १.७. त्या डिस्कवर पालख्यांमागून चालणाऱ्या माणसांचे चेहरे ओळखता येणार नाहीत.

‘भाऊ, एकाच डिस्कमध्ये बसवून द्या नं जी,’ हा आग्रह असतोच आणि तो समजण्यासारखाही आहे. तरीही तीन तासांच्या अशा सोहळ्याच्या दोन डिस्क कराव्यात. दीड-दीड तासाला सेकंदामागे जवळपास ७ मेगाबिट मिळतात आणि दुसऱ्या कोऱ्या डिस्कचा खर्च किरकोळ असतो. आपल्या गावची पालखी टीव्हीवर बघताना त्यातला शेजारी ओळखू आला, तर त्या रेकॉर्डिंगला अर्थ आहे.

जुन्या व्हीएचएस कॅसेटींचं गणित थोडं वेगळं. त्यांच्या चित्रात मुळातच बारकावा कमी, त्यामुळे डीव्हीडीच्या पूर्ण ७२० बाय ५७६ ऐवजी ३५२ बाय ५७६ हे माप घेतलं तरी फारसं काही जात नाही आणि लागणारी जागा बरीच घटते. कॅसेटवरच्या मुंग्या मात्र आधी सौम्य करून घ्याव्यात. मुंग्या म्हणजे सॉफ्टवेअरच्या लेखी हालचालच, ती इमानेइतबारे लिहीत बसण्यात जागा उधळली जाते. हातात धरलेल्या कॅमेऱ्याचंही तेच. हात हलला की मंडपाचा खांबसुद्धा हलतो.

आवाजावर काटकसर करण्याचा मोह अनेकांना होतो, आणि खंजिरीच्या बाबतीत तो विशेष महागात पडतो. एकदम उमटून विरणारा तीक्ष्ण आवाज दाबताना ठोक्याच्या आधीच एक पुसट खसखस ऐकू येते. ध्वनीच्या पद्धती तपासणारे तंत्रज्ञ यासाठी स्पेनमधल्या कॅस्टनेट या टिपऱ्यांसारख्या वाद्याचे नमुने वापरत आले आहेत. खंजिरीच्या चकत्यांचा आवाज त्याच जातीचा. म्हणून आवाजाला २२४ किलोबिट द्यावेत. तीन मेगाबिटच्या चित्रातून तेवढे काढले तर चित्राला कळतही नाही, पण ९६ वर आणलेली खंजिरी कानाला लगेच जाणवते.

२००३ साली आलेल्या एच.२६४ पद्धतीत एमपेग-२ च्या जवळपास निम्म्या जागेत तसंच चित्र मिळतं. तशी फाइल पेनड्राइव्हवर दिली तर नव्या टीव्हीवर उत्तम चालते, फक्त पेनड्राइव्ह फॅट-३२ पद्धतीचा असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल तो घेत नाही. घरात जुना डीव्हीडी प्लेअर असेल तर त्याला एमपेग-२ चीच डिस्क लागते.

डिस्क राइट होते ती आतून बाहेरच्या कडेकडे. झाल्यावर उलटी करून उजेडात तिरकी धरली तर लिहिलेला भाग वेगळ्या छटेचा, थोडा गडद दिसतो आणि कडेला कोरी पट्टी उरलेली कळते. ही पट्टी थोडी राखावी. स्वस्त डिस्कमध्ये चुका होतात त्या बहुतेक बाहेरच्या कडेला, आणि तिथे नेमका सोहळ्याचा शेवट येतो. तपासताना बहुतेक जण पहिली दोन मिनिटं बघून डिस्क पाकिटात घालतात. त्याऐवजी ज्या घरी ती जायची आहे तिथल्यासारख्या जुन्या प्लेअरवर लावून दोनच जागा बघाव्यात: खंजिरी सर्वांत जोरात वाजते ती, आणि अगदी शेवटची पाच मिनिटं.