आजारपणाचा हिशेब मांडणारी अर्थतज्ज्ञ

कष्टकऱ्याच्या घरात कोणी आजारी पडले की दोन चिंता लागतात. माणूस बरा होईल का, ही पहिली. आणि पैसा कोठून आणायचा, ही दुसरी. पहिलीसाठी डॉक्टर आहे. दुसऱ्या चिंतेचा अभ्यास करणारे शास्त्र म्हणजे आरोग्य-अर्थशास्त्र. त्यात आयुष्य वेचलेल्या इंग्लंडच्या डॉ. ॲन मिल्स यांची ओळख आपल्या मुला-मुलींना व्हावी, म्हणून हा लेखप्रपंच.

ऑक्सफर्डमधील पदवीनंतर १९७३ साली त्या आफ्रिकेतील मलावी देशाच्या आरोग्य मंत्रालयात कामाला गेल्या. तुटपुंज्या पैशात गावोगावचे दवाखाने कसे चालवावेत, हा प्रश्न तेथे रोजच समोर होता. १९७९ पासून लंडनच्या स्कूल ऑफ हायजीन अँड ट्रॉपिकल मेडिसिन या संस्थेत त्या अध्यापन-संशोधन करू लागल्या. नेपाळमधील हिवतापाचा अभ्यास करताना त्यांनी सरकारच्या फवारणीचा व औषधांचा खर्च तपासला. शिवाय तापामुळे बुडालेले कामाचे दिवस आणि घरच्यांच्या खिशातून गेलेला पैसाही मोजला. सरकारी वहीत न दिसणारा हा भार त्यांनी आकड्यांत मांडला.

अशा अभ्यासामुळे जागतिक संस्था त्यांचा सल्ला घेऊ लागल्या. जागतिक आरोग्य संघटनेने २००० साली नेमलेल्या आयोगात गरिबांच्या आरोग्यावरील अभ्यासगटाच्या त्या सहअध्यक्ष होत्या. गरीब देशांत अत्यावश्यक उपचारांसाठी दरमाणशी वर्षाला सुमारे ३४ डॉलर लागतील, असे आयोगाने २००१ साली सांगितले. बहुतेक गरीब देशांना एवढी रक्कम स्वबळावर उभारणे शक्य नव्हते, म्हणून श्रीमंत देशांनी मदत वाढवावी, असेही त्याने बजावले.

कमी खर्चात चांगले आरोग्य कसे साधते, यावर २०११ साली निघालेल्या ग्रंथाच्या त्या एक संपादक. त्यात थायलंड, बांगलादेश यांच्याबरोबर आपल्या तामिळनाडूचाही अभ्यास आहे. तेथे १९९४ साली स्थापन झालेले सरकारी महामंडळ औषधांची एकत्रित घाऊक खरेदी करून ती सरकारी दवाखान्यांना पुरवते.

२०१५ साली ब्रिटनने त्यांना ‘डेम’ हा किताब दिला.

पालकहो, गणितात गती असलेल्या आपल्या मुलीला हीही वाट दाखवा. औषधाविना परतणाऱ्या रोग्याची कैफियत सरकारदरबारी आकड्यांनिशी मांडणारी माणसे गरिबाघरूनच पुढे आली पाहिजेत. कर्ज काढून केलेल्या उपचाराची झळ त्यांना ठाऊक असते.