निवाड्याआधीची माफी

सत्तेवरून कलंकित होऊन उतरलेल्या प्रमुखाला त्याच्या जागी आलेल्याने माफी द्यावी का, या प्रश्नाची चर्चा बहुधा अमेरिकेच्या रिचर्ड निक्सन यांच्यापासून सुरू होते. वॉटरगेट प्रकरणामुळे ९ ऑगस्ट १९७४ रोजी निक्सन यांनी अध्यक्षपद सोडले आणि महिना उलटण्याच्या आत, ८ सप्टेंबरला, जेराल्ड फोर्ड यांनी त्यांना अध्यक्षपदाच्या काळातील सर्व संघराज्यीय गुन्ह्यांबद्दल संपूर्ण माफी देऊन टाकली. तोवर निक्सन यांच्यावर खटला उभा राहिलेला नव्हता. फोर्ड १९७६ ची निवडणूक हरले, आणि २००१ मध्ये याच निर्णयासाठी केनेडी ग्रंथालय प्रतिष्ठानने त्यांना धैर्याचा पुरस्कार दिला. मराठी मुलखात मात्र हा प्रश्न त्याच्या दोनशे वर्षे आधीच उभा राहिला होता, आणि त्याचे उत्तर महागात पडले होते.

३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणराव पेशव्यांचा खून केला. चुलते रघुनाथराव त्यानंतर पेशवेपदावर बसले. परंतु न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी खुनाची जबाबदारी त्यांच्यावर ठेवली आणि देहान्त हेच या पापाचे प्रायश्चित्त होय असे सांगून पुणे सोडले, अशी परंपरा आहे. पुढे नाना फडणविसांसह कारभाऱ्यांनी, म्हणजे बारभाईंनी, रघुनाथरावांना पदावरून दूर केले आणि एप्रिल १७७४ मध्ये जन्मलेल्या सवाई माधवरावांच्या नावाने राज्य चालवले. रघुनाथराव इंग्रजांच्या आश्रयाला गेले, मार्च १७७५ मध्ये सुरतेचा तह झाला आणि मराठे व इंग्रज यांच्यात कित्येक वर्षे चाललेले युद्ध पेटले.

हे युद्ध महादजी शिंद्यांच्या मध्यस्थीने १७ मे १७८२ च्या सालबाईच्या तहाने मिटले, आणि प्रस्तुत प्रश्नाचा गाभा या तहात आहे. इंग्रजांनी रघुनाथरावांचा पक्ष सोडावा आणि पेशव्यांनी त्यांना दरमहा २५,००० रुपयांची नेमणूक द्यावी, असे ठरले. म्हणजे मारल्या गेलेल्या पेशव्याच्या मुलाच्या नावाने चालणाऱ्या सरकारनेच खुनाचा ठपका असलेल्या माजी पेशव्याला निवृत्तिवेतन बांधून दिले. त्या वेळच्या राजकारणात हा सौदा समजण्याजोगा होता, कारण शत्रूच्या हातातले प्यादे काढून घेण्याचा तोच सर्वांत स्वस्त मार्ग होता. पण न्यायाची जी विषम वाटणी त्यातून झाली, ती दुर्लक्षून चालणार नाही: कटातील काही गारद्यांना पकडून देहदंड देण्यात आला, ज्याच्यासाठी त्यांनी शस्त्र उचलल्याचा आरोप होता त्याला मात्र नेमणूक मिळाली. रघुनाथराव १७८३ मध्ये कोपरगावी वारले, त्यांचे मुलगे नानांच्या नजरकैदेत वाढले आणि बापाचा जो दोष न्यायासनापुढे कधी निश्चित झाला नाही, त्याचा संशय मुलांनी भोगला. त्यांपैकी दुसरे बाजीराव १७९६ मध्ये पेशवे झाले, तेव्हा त्यांच्यात आणि नानांमध्ये विश्वासाचा धागा उरलेला नव्हता. १८०२ मध्ये त्यांनी वसईचा तह करून इंग्रजांचे संरक्षण पत्करले. एका माफीमुळे राज्य बुडाले असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल, तरी न झालेला निवाडा पुढच्या पिढीच्या राजकारणात विष कालवतो, याचा याहून ठळक दाखला मराठ्यांच्या इतिहासात नाही.

भंडारा जिल्ह्यातील एकोडी हे गाव ज्या वैनगंगेच्या खोऱ्यात येते, तो मुलूख नागपूरकर भोसल्यांचा होता, आणि तेथेही निवाडा असाच राहून गेला. सीताबर्डीच्या लढाईनंतर इंग्रज रेसिडेंट जेंकिन्स यांनी जानेवारी १८१८ मध्ये आप्पासाहेब भोसल्यांना अटी घालून पुन्हा गादीवर बसू दिले. मार्चमध्ये त्यांना कैद करावे लागले, तेव्हा १८१७ मधील, त्यांच्या आधीचे राजे परसोजी भोसले यांच्या खुनाचा आरोपही पुढे आला. अलाहाबादेला नेले जात असताना आप्पासाहेब निसटले आणि त्या आरोपाचा जाहीर न्याय कधीच झाला नाही.

आजच्या राज्यघटनेत अनुच्छेद ७२ राष्ट्रपतींना आणि १६१ राज्यपालांना शिक्षा माफ किंवा कमी करण्याचा अधिकार देतो, परंतु मारू राम खटल्यात (१९८०) सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केल्याप्रमाणे तो मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वापरायचा असतो, त्यामुळे माफीची लेखणी प्रत्यक्षात विद्यमान सरकारच्या हाती राहते. या अधिकाराला लगाम आहे: आंध्र प्रदेशातील एका राजकीय कार्यकर्त्याला राज्यपालांनी दिलेली सूट २००६ मध्ये एपुरू सुधाकर खटल्यात रद्द झाली आणि राजकीय कारणासाठी दिलेली माफी न्यायालय तपासू शकते हे पुन्हा ठरले. महाराष्ट्रात मात्र खरा तिढा माफीच्या आधीच्या पायरीवर, म्हणजे खटल्याला लागणाऱ्या मंजुरीवर, दिसतो. आदर्श गृहनिर्माण प्रकरणात माजी मुख्यमंत्री अशोक चव्हाण यांच्यावरील खटल्याची मंजुरी राज्यपाल के. शंकरनारायणन यांनी २०१३ मध्ये नाकारली, सरकार बदलल्यानंतर राज्यपाल विद्यासागर राव यांनी २०१६ मध्ये ती दिली आणि मुंबई उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये तीही रद्द केली. यांपैकी कोण बरोबर होते हा वेगळा प्रश्न. पण माजी मुख्यमंत्र्यावर खटला चालावा की नाही, हे राजभवनाच्या दारातच ठरावे, हे लोकशाहीला शोभत नाही.

शिक्षा झाल्यानंतरची दया निराळी. दक्षिण कोरियात माजी अध्यक्ष चुन डू-ह्वान यांची जन्मठेप १९९७ च्या एप्रिलमध्ये कायम झाली आणि डिसेंबरमध्ये त्यांना माफी मिळाली. त्यांनी पुढे पश्चात्ताप दाखवला नाही, तरी त्यांचा गुन्हा निकालपत्रात नोंदला गेला आणि तो पुसता आला नाही. म्हाताऱ्या, आजारी माणसाला तुरुंगातून सोडणे हा राज्याचा मोठेपणा असू शकतो, पण त्याआधी त्याने काय केले ते न्यायालयाने सांगितलेले असले पाहिजे.

एकोडीसारख्या गावाच्या पातळीवर कायदा या बाबतीत अधिक कठोर आहे. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ च्या कलम ३९ प्रमाणे गैरवर्तन किंवा लज्जास्पद वर्तनाबद्दल सरपंचाला पदावरून दूर करण्याचा अधिकार विभागीय आयुक्तांना आहे, त्याआधी जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांनी चौकशी करायची असते आणि नव्या सरपंचाला आपल्या पूर्वसुरीला माफ करण्याचा कोणताही अधिकार नाही. तरीही एक माफी कायद्याला न विचारता दिली जाते: नवा सरपंच जुन्या रोकडवहीची मागणीच करत नाही, लेखापरीक्षणातील आक्षेप तसेच राहतात आणि गावात शांतता राहिली म्हणून सारे समाधान मानतात. भावकीच्या गावात हा मोह समजतो, परंतु गावाच्या पैशाबद्दल उदार होण्याचा हक्क एकट्या सरपंचाचा नाही. म्हणून एकोडीच्या आणि प्रत्येक गावाच्या मतदारांनी नव्या सरपंचाच्या पहिल्याच ग्रामसभेत पदभाराची यादी आणि लेखापरीक्षणातील प्रलंबित आक्षेप मोठ्याने वाचून दाखवण्याची मागणी करावी, आणि ती इतिवृत्तात नोंदवून घ्यावी.